ससे, मेहुणा आणि काळे चष्मे

मोशीत पुन्हा काळे चष्मे दिसू लागले आहेत. काल आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आम्ही चौघे होतो आणि तिघांच्या डोळ्यांवर चष्मे. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. आलेल्या डोळ्यांत पाहिले की आपलेही डोळे येतात, हा समज खोडून काढायला लिफ्टचे तीन मजले पुरत नाहीत. चेअरमनसाहेबांनी ग्रुपवर हात धुण्याविषयी संदेश टाकला आहे. त्याखाली सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रे टाकली. हात धुतले की नाही, ते कळायला मार्ग नाही.

ऊन आणि पाऊस एकाच दुपारी आळीपाळीने येऊ लागले, भिंतींना ओल आली, दोरीवरचे टॉवेल वाळेनासे झाले, की डोळे येणारच. ते आपोआप बरेही होतात. बहुतेक वेळा विषाणूचे काम असते. चार दिवस चिपडे, चार दिवस चष्मा, घरातल्यांचे टोमणे, आणि मग सगळे विसरतात. म्हणूनच या दिवसांत लाल डोळ्याला कुणी भीत नाही. मला मात्र काळा चष्मा दिसला की तो खाली ओढून आत पाहावेसे वाटते. लिफ्टमध्ये असे करणे सभ्यपणाचे नाही, म्हणून मी हात खिशात ठेवतो. ही खोड मला एका पावसाळ्याने लावली.

मी पशुवैद्य आहे. पण माझ्या हाताखालून गाय-बैल गेल्याला बरीच वर्षे झाली. चाकणच्या पलीकडे एका टेकाडावर लशींवर संशोधन करणारी एक कंपनी आहे, तिच्या प्राणिगृहात मी नोकरी करतो. सकाळी तिथे जाताना एका बाजूला नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर आणि दुसऱ्या बाजूला कांद्याचे ट्रक, दोघेही चिखलात सारखेच अडकलेले. कांदा भिजला की त्याचा वास कंपनीच्या बसमध्ये शिरतो आणि डब्यापर्यंत पोहोचतो. टेकाडावर मात्र सगळे बदलते. दोन दारे ओलांडायची, कपडे बदलायचे, पाय जंतुनाशक पाण्यात बुडवायचे, मग आत. आत गाळलेली हवा, ठरलेले तापमान, वाळल्या गवताचा मंद वास आणि पांढरे ससे. बाहेरच्या माणसांना जी व्यवस्था वर्षानुवर्षे वाट पाहायला लावते, ती इथे सशांच्या सेवेला हजर असते.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे डोळ्यांच्या लशीचा अभ्यास चालू होता. एक जिवाणू आहे, पाण्यात राहणारा. नळात, टाकीत, लेन्सच्या डबीत, कुठेही तो सुखाने नांदतो. धडधाकट डोळ्यावर पडला तर काहीही करत नाही, अश्रू त्याला धुऊन काढतात. त्याला शिरायला फट लागते. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर एखादा ओरखडा उठला की तो आत जातो, आणि एकदा गेला की थांबत नाही. सकाळी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका असतो, दुसऱ्या दिवशी अख्खा पडदा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा होतो. त्याच्याविरुद्ध आधीच शरीराची तयारी करता येईल का, हा प्रश्न होता. काही सशांना लस दिली, काहींना नुसते मिठाचे पाणी. मग काही आठवडे थांबलो, कारण शरीराला नव्या शत्रूची ओळख पटायला वेळ लागतो. आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी भूल देऊन प्रत्येक सशाच्या एका डोळ्यावर बारीक ओरखडा काढायचा आणि त्यावर जिवाणूंचा थेंब सोडायचा.

ही गोष्ट मी कितीही साध्या शब्दांत सांगितली तरी ती साधी होत नाही. वेदना कमी ठेवण्याची औषधे असतात, कुठे थांबायचे याच्या मर्यादा आखलेल्या असतात, त्यासाठी समिती असते, समितीला चहा असतो. पण ससा दुखले तरी ओरडत नाही. तो फक्त खाणे सोडतो आणि कोपऱ्यात लहान होत जातो. माझे काम डोळ्याला गुण देण्याचे होते. स्वच्छ डोळ्याला शून्य, पूर्ण गढूळ डोळ्याला चार. कोणत्या सशाला लस आहे आणि कोणाला नाही, हे मला मुद्दाम सांगितलेले नव्हते. कळले असते तर माझी नजर पक्षपाती झाली असती. तेव्हा मी न जाणता पाहायचे, आणि पाहिलेले तेवढेच सांगायचे. हा नियम मला फार आवडतो. सार्वजनिक जीवनात तो लागू केला तर बरेच सत्कार समारंभ रद्द होतील.

किसनभाऊ पिंजरे सांभाळायचे. चाकणजवळच्याच गावचे, जमीन गेल्यावर नोकरीला लागलेले. त्यांना नियम अमान्य होता. ते रोज छातीठोक अंदाज सांगायचे.

"सायब, ह्या कडंच्याला लस घातलीया. ल्हून घ्या."

"कशावरून?"

"खातोय बघा कसा! आन् त्यो वरचा, त्याला नुस्तं पानी. त्याचं तोंडच पडल्यालं हाय."

"किसनभाऊ, मला सांगू नका. मला कळायचं नाहीये."

"कळून घ्यायचं न्हाई, मग शिकलासा कशाला?"

मीही मनात अंदाज बांधतच होतो, फक्त बोलत नव्हतो.

त्याच आठवड्यात बालाजी घरी आला. बालाजी म्हणजे माझी पत्नी रेखा हिचा धाकटा भाऊ. परभणीकडचा. चाकणच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगवर होता आणि दिघीत गावाकडच्या मित्रांबरोबर खोली करून राहायचा. गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी बहिणीकडे जेवण. ग्राइंडिंगवर लोखंडाचा बारीक कण उडून डोळ्यात जाणे ही रोजची बाब. संरक्षक गॉगल सगळ्यांना दिलेले असतात, पण पावसाळ्यात घामाने त्यांची काच धुरकटते आणि काम दिसत नाही. मग गॉगल कपाळावर जातो. कपाळे अगदी सुरक्षित राहतात.

अशा प्रत्येक ठिकाणी कण काढणारा एक माणूस असतो. 'हात हलका आहे' अशी त्याची ख्याती असते. रुमालाच्या टोकाला पीळ द्यायचा, वरची पापणी काडीपेटीच्या काडीवर उलटी करायची आणि एका फटक्यात कण टिपून घ्यायचा. दवाखान्यात गेले तर अर्धी शिफ्ट जाते, आणि 'अपघात' अशी नोंद होते. म्हणून दुसऱ्या लाइनवरची माणसेसुद्धा या हलक्या हाताकडे येतात. बालाजीच्या कारखान्यात तो हात बालाजीचा होता. त्याला याचा केवढा अभिमान! गावी चुलत्याला सांगताना तो 'मी डोळ्याचं पण बघतो' असे म्हणायचा.

आता या वैद्याच्याच डोळ्यात कण गेला तर तो कुणाकडे जाणार? इतरांचे हात त्याच्या मते जड. त्याने शेडच्या मागे लावलेल्या मोटारसायकलच्या आरशात बघून स्वतःच स्वतःचा कण काढला. हाताला मशीनचे कूलंट लागलेले, रुमालही त्यातच भिजलेला. कूलंट म्हणजे कापताना लोखंड थंड ठेवणारे ते दुधासारखे पाणी. महिनोन् महिने तेच फिरत राहते, आणि आमचा तो जिवाणू त्यात कुटुंबासह राहतो. प्रयोगशाळेत आम्ही जे निर्जंतुक सुईने, मोजून-मापून, भूल देऊन करत होतो, ते सगळे बालाजीने एका रुमालात उरकले होते.

त्या गुरुवारी तो काळा चष्मा लावून आला. रेखाने लांबूनच हात जोडले.

"आला का प्रसाद घेऊन? माझ्या टॉवेलाला हात लावू नको हं."

"लावत नाई बाई. सगळ्यायचेच आलेत, माझे पण आले." तो दाराजवळच खुर्ची ओढून बसला. "दाजी, उद्या कार्यक्रम हाय आमच्या कंपनीत. सुरक्षेचा. आमच्या लाइनला बक्षीस हाय. अन् ते माझ्या हातात देणार हायत, स्टेजवर."

कारखान्याच्या दारात एक मोठा फलक होता. शेवटचा अपघात होऊन किती दिवस झाले, तो आकडा रोज वाढायचा. आकडा एवढा मोठा झाला होता, की तो वाढवत ठेवणे हेच लाइनचे मुख्य काम होऊन बसले होते. आता एक बडे पाहुणे येणार होते, मांडव पडला होता, आणि लाइनवरच्या प्रत्येकाला प्रेशर कुकर मिळणार होता. बालाजीला 'सुरक्षा मित्र' असा किताब. मी हसू दाबले. आणि मग त्याने घाम पुसायला चष्मा काढला.

डोळे आले तर साधारणपणे दोन्ही येतात, निदान एकामागून एक. त्याचा डावा स्वच्छ होता. उजवा त्याने उघडलाच नाही, उजेडाकडून मान फिरवली. पापणीच्या कडेला हिरवट पू होता.

"उघड."

"काई नाई दाजी. मेडिकलवाल्यानं थेंब दिलेत. लाली उतरलीय बघा कालपासून."

मी बाटली पाहिली. स्टेरॉइडचे थेंब. ते लाली उतरवतात, सूज उतरवतात, माणसाला बरे वाटते, आणि आतल्या जिवाणूला रान मोकळे मिळते. मी त्याची पापणी अंगठ्याने वर केली. बुबुळाच्या जवळजवळ मधोमध पांढरट ठिपका होता, कडा फिसकटलेल्या. सकाळीच मी असले डोळे पाहून, त्यांना दोन-तीन गुण देऊन आलो होतो. तो आकडा माझ्या मनात आपोआप उमटला, आणि तो पुसता येईना.

"कण गेला होता?"

तो हळू म्हणाला, "मीच काढला. आरशात बघून."

"आत्ताच्या आत्ता डोळ्याच्या दवाखान्यात चल."

"उद्या कार्यक्रम झाला की दुपारच्याला जातो. आज गेलो तर दवाखान्यातले इचारणार, कशानं झालं. कण म्हणलं की अपघात झाला. फलकावर शून्य लागलं तर पोरं मला जित्ता ठेवतील का? सगळ्यायचे कुकर जातील माझ्यापायी."

"उद्या दुपारपर्यंत तुझा डोळा राहणार नाही."

"तुमी जनावराचे डॉक्टर, दाजी. माणसाचं कामून सांगायलाव?"

एरवी हे वाक्य आमच्या घरात विनोद म्हणून चालते. त्या दिवशी कुणी हसले नाही. मी त्याला सशांचे सांगितले. ठिपका कसा पसरतो, पडदा कसा विरघळतो. डोळा जितका जिवाणू खातो तितकाच आपल्या शरीराचे शिपाईही खातात, कारण ते वाचवायला येतात आणि धुडगूस घालून जातात, हेही सांगितले. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर मांडव दिसत होता.

"म्हंजी मी ससा हाय का?"

"सशाला आम्ही भूल देतो, लस देतो, गार हवा देतो. ससा तुझ्यापेक्षा बऱ्या परिस्थितीत आहे."

"मंग ती लस द्या की मला! तुमच्याकडं हाय ना?"

त्याने हे गमतीने विचारले नव्हते. लस आधी द्यायची असते, हे त्याला सांगताना मला माझाच राग आला. ओरखडा उठायच्या कित्येक आठवडे आधी. शत्रू आत आल्यावर तिचा उपयोग नाही, आणि माणसांसाठी ती अजून नाहीच. असेल तेव्हा असेल. आणि असती, तरी धडधाकट डोळ्यांनी तिच्या रांगेत कोण उभे राहिले असते? बालाजी तर नक्कीच नाही. आपल्याकडे विम्याचा हप्ताही लोक अपशकुन समजून टाळतात.

"दुपारी जातो म्हणलं ना," तो उठला. त्याची पिशवी दाराशी होती. त्यात कार्यक्रमासाठी घेतलेला नवा शर्ट घडीसह. इस्त्री करायला बहिणीकडे आणला होता.

रेखा पुढे झाली. तिने पिशवीतून शर्ट काढला, टाचण्या काढल्या, पुठ्ठा काढला, आणि न्हाणीघरात जाऊन तो फरशी पुसण्याच्या गढूळ पाण्याच्या बादलीत बुडवला. हाताने खाली दाबून धरला.

"जा आता स्टेजवर," ती म्हणाली. "जा ना. थांबलास कशाला?"

बालाजीने एका डोळ्याने त्या बादलीत पाहिले. मग माझ्या मागे गाडीवर बसला.

मोशी ते भोसरी हे अंतर किती, ते रस्त्यावर अवलंबून असते. त्या दुपारी एक ट्रेलर आडवा झाला होता आणि महामार्ग एखाद्या गोदामासारखा गच्च भरला होता. आम्ही दोन ट्रकांच्या मध्ये उभे होतो. पाऊस थांबून कडक ऊन पडले होते. बालाजीने रुमाल डोळ्यावर धरून माझ्या पाठीला कपाळ टेकले होते, आणि प्रत्येक हॉर्नबरोबर त्याचे कपाळ किंचित दबायचे. मी प्रयोगशाळेत पाहिलेल्या ठिपक्यांचा वेग मनात रस्त्याच्या वेगाशी जुळवून पाहत होतो. ठिपका पुढे होता.

"दाजी," तो मागून म्हणाला, "ज्या सशायला लस नाई दिली, त्यायचं काय होतं?"

"औषध देतो," मी म्हणालो. हे खोटे होते. औषध दिले तर अभ्यास कसला? पण पुढचा ट्रक हलला आणि पुढचा प्रश्न आला नाही.

भोसरीच्या डॉक्टर बाई बोलण्यात कमी, हातात तरबेज होत्या. त्यांनी डोळ्यातून खरवडून नमुना घेतला, स्टेरॉइडची बाटली कचऱ्यात टाकली आणि बालाजीला दाखल करून घेतले. दर तासाला थेंब. रेखाने मोबाइलवर गजर लावले आणि जागची हलली नाही. तपासणीचा निकाल आला. तोच जिवाणू होता, माझा ओळखीचा. त्याच्याशी इतके दिवस रोज भेट होत असूनही त्याने घरच्या माणसाची भीड ठेवली नव्हती.

शुक्रवारी कार्यक्रम झाला. मित्रांनी बालाजीला पाठवलेली चित्रफीत मी दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिली. पाहुण्यांना फेटा बांधला, त्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा हेल्मेट हातात दिले. त्यांनी कंपनीच्या दूरदृष्टीवर बराच वेळ भाषण केले. 'सुरक्षा मित्र' सध्या डोळ्यांच्या साथीमुळे रजेवर असल्याचे निवेदकाने सांगितले आणि त्याच्या वतीने सुपरवायझरने किताब घेतला. टाळ्या झाल्या. फलकावरचा आकडा एकाने वाढला.

"कुकर मिळाले का पोरायला?" बालाजीने पट्टीखालून विचारले.

"मिळाले."

"पाच लिटरचे का तीन?"

"ते दिसलं नाही."

"बघा ना दाजी, परत लावून."

मी परत लावून पाहिले. पाचाचे होते. त्याला समाधान वाटले.

त्या दिवसांत मी सकाळी सशांचे डोळे पाहायचो आणि संध्याकाळी बालाजीचा. सकाळचे पाहणे नियमाप्रमाणे निःपक्षपाती होते, संध्याकाळचे अजिबात नव्हते. बाईंनी 'तसंच आहे' म्हटले की मी त्यातून 'बरे आहे' ऐकायचो. शहरभर काळे चष्मे फिरत होते, सगळ्यांचे डोळे येत होते, जात होते, आणि एक डोळा जातो की राहतो हे ठरत नव्हते.

अभ्यास संपला तेव्हा सांकेतिक क्रमांक उघडले. लस घेतलेल्या सशांचे डोळेही लाल झाले होते, गढूळ झाले होते. पण बहुतेक परत निवळले. ज्यांना मिठाचे पाणी मिळाले होते त्यांचे बहुतेक निवळले नाहीत. बहुतेक, सगळे नव्हेत. दोन्हीकडे अपवाद होते. किसनभाऊंचे निम्म्याहून जास्त अंदाज चुकले, आणि माझेही. कडेचा तो खाणारा ससा मिठाच्या पाण्याचा निघाला.

"मग त्यो खात कशाला व्हता?" किसनभाऊंनी चिडून विचारले. "आपल्याला फसवायला?"

कंपनीत केक कापला. अहवालात आमचे यश 'लक्षणीय' या एका विशेषणात बसवले गेले. ससे, अशा अभ्यासांत जे होते ते होऊन, संपले. मी केक खाल्ला. लस चांगली आहे असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. ती वर्षानुवर्षे तपासली जाईल, कदाचित अडेल, कदाचित कधी तरी ग्राइंडिंगवरच्या एखाद्या पोरापर्यंत पोहोचेल. गॉगल मात्र कधीचा पोहोचला आहे, कपाळापर्यंत.

गणपती उठले आणि बालाजीची पट्टी गेली. जिवाणू मेला होता, पण ठिपक्याच्या जागी पांढरा वण राहिला होता, बुबुळाच्या मधून थोडा खाली. त्यातून किती दिसते, हे ठरवण्याचा दिवस आला. पुन्हा मशीनवर काम मिळणार की झाडलोट करायची, हेही त्यावरच ठरणार होते. दवाखान्यात गर्दी होती. बालाजी अक्षरांच्या तक्त्यासमोरच्या खुर्चीवर बसला आणि वाट पाहताना ओठ हलवू लागला. रेखाला वाटले नामस्मरण चालले आहे. मी शेजारी होतो, मला ऐकू आले. तो चांगल्या डोळ्याने तक्ता पाठ करत होता.

बाईंनी त्याचा डावा डोळा झाकला. त्याने वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी खडाखड म्हटल्या. सगळ्यात खालची, जी मला चष्म्याने दिसत नाही, तीसुद्धा. रेखाचा हात तोंडावर गेला. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

"छान," बाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या ओळीतलं मधलं अक्षर सांगा."

बालाजी थांबला. मग पहिल्यापासून म्हणू लागला, थांबला, पुन्हा म्हणू लागला. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या.

"मॅडम, झालं की आता सगळं म्हणून."

बाई उठल्या. त्यांनी तक्त्याचा दिवा बंद केला, टेबलाखालच्या आपल्या डब्याच्या पिशवीत हात घातला आणि काहीतरी काढून त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर धरले. डावा डोळा अजून झाकलेलाच होता.

"हे काय आहे?"

हे त्याने पाठ केलेले नव्हते. तो मान डावीकडे करू लागला, उजवीकडे करू लागला, वणाच्या कडेवरून पलीकडे डोकावल्यासारखी हनुवटी खाली नेली, आणि तिथेच स्थिर झाला.

"लिंबू," तो म्हणाला.

"नाही."

रेखाने डोळे मिटले.

"नाही कसं? मोठं लिंबू."

"पेरू आहे."

"बरं, पेरू तर पेरू," बालाजी म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता, पण हटला नव्हता. "पण हिरवं हाय का नाई, ते सांगा. गोल हाय का नाई?"

"आहे," बाई म्हणाल्या. "हिरवंच आहे. गोलही आहे." आणि पेरू त्याच्या हातात देऊन त्या कागदावर काहीतरी लिहू लागल्या.